माझ्या भाचीचं मत असं आहे की

चि. खारूताई हिला तिच्या एकुलत्या एका मामाचे दोन्ही हातांनी भरभरून आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर तू 'हं, हं' करत एकीकडे भलतंच काहीतरी करत असतेस, हे मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला मी माझ्या गुडघ्याची कहाणी सांगत होतो आणि तू म्हणालीस, "अरे वा, छान झालं की!" तेव्हा यापुढे जे महत्त्वाचं ते कागदावर. तुझी तब्येत कशी आहे? पूल बांधायचं शिक्षण कुठवर आलं? (पूल बांधायला इतकी वर्षं लागतात तर शिकायला लागणारच, असं मी तुझ्या आईला अधूनमधून समजावत असतो. तिला ते पटत नाही, पण तिला माझं काय पटतं?) वेळच्या वेळी जेवत जा आणि झोपण्यापूर्वी दात घासत जा. तुझे दात तुझ्या बापाच्या वळणाचे आहेत, दिसायला झकास आणि आतून बेभरवशाचे. माझं इकडे बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पॉलिशचं यंत्र त्याहून जास्त कुरकुरतं, आणि लोकांचे दात देवाच्या कृपेने नियमित पडताहेत, त्यामुळे कवळ्यांचं काम भरपूर आहे.

हे पत्र मी मुख्यतः नापसंती कळवण्यासाठी लिहितो आहे. तू जाताना माझ्या कामाच्या खोलीत एक खोकं ठेवून गेलीस. "मामा, महिनाभर फक्त," असं म्हणाली होतीस. तुला लहानपणी खारूताई म्हणायला लागलो ते उगाच नाही. दिसेल ते उचलायचं, भलत्याच्या घरात दडवायचं आणि विसरून जायचं. त्या खोक्यात एक न पेटणारा दिवा, गिटारच्या तारा (गिटार कुठे आहे?), एकाच पायाचा बूट आणि त्या जपानी चित्रकथेचे पहिले चार भाग निघाले. सुरुवातीला मी त्यांचा उपयोग वजन म्हणून केला. पण माझ्या धंद्यात एक अडचण आहे. दातांच्या ठशात प्लास्टर ओतलं की ते वाळेपर्यंत माणसाने काय करायचं? पूर्वी मी भिंतीकडे बघायचो. भिंत वाईट नव्हती. पण एके दिवशी हात नको तिथे गेला आणि मी पहिला भाग उघडला.

तो मी डावीकडून उघडला, जसं कुणीही शहाणा माणूस पुस्तक उघडतो. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'थांबा! तुम्ही चुकीच्या टोकापासून सुरुवात करत आहात.' मला वाटलं, गोष्टीतलंच पहिलं वाक्य आहे, आणि काय दमदार वाक्य आहे! पुढे दोन मुली एकमेकींकडे पाठ करून निघून जातात, मग एकमेकींचे कपडे अंगातून उतरवतात, मग एकमेकींचा चेहरा बघून दचकतात, आणि शेवटी दोघी आपापल्या घरी गाढ झोपलेल्या, एकीला दुसरीचा पत्ताही नाही. ओळख वाढत वाढत माणसं शेवटी अनोळखी होतात, हे किती खरं आहे, असं वाटून मी इतका गंभीर झालो की बादलीतलं प्लास्टर जागीच घट्ट झालं. (त्याचा गोळा आता दार आपटू नये म्हणून खाली लावलाय. उत्तम चालतो.) उजवीकडून वाचायचं असतं हे मला दुसऱ्या भागाच्या मध्यावर कळलं, आणि खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं.

तर गोष्ट. तुला माहीत आहे, तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एक बसवाली. एक हॉटेलवाली, म्हणजे मोठ्या हॉटेलच्या मालकाची मुलगी. धुलाईच्या दुकानात दोघींची गाठोडी बदलतात, आणि बघतात तर दोघींचा चेहरा एकच! हॉटेलवालीच्या बापाने तिच्यासाठी एक चष्मेवाला तरुण ठरवलाय, तिला तो भेटायलाही नको आहे. म्हणून तिच्या जागी एका संध्याकाळपुरती बसवाली जाते. आता बस कोणी चालवायची? हॉटेलवालीने, जिने आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. ती काय करते, तर बस बिघडलीय असं जाहीर करून सगळ्या प्रवाशांना घरोघर चालत पोचवते आणि वाटेत तिकीट तपासनिसाच्या प्रेमात पडते. इकडे बसवाली चष्मेवाल्याच्या. आणि सातव्या भागात कळतं काय? चष्मेवाला हा तो ठरवलेला मुलगा नव्हेच! तो त्या मुलाचा हिशेबनीस, मालकाने पाठवला म्हणून आलेला. म्हणजे भेटायला आलेला खरा नाही, भेटलेली खरी नाही, आणि प्रेम तेवढं अस्सल. हे वाचलं तेव्हा मी उभा राहिलो, खारे. खुर्चीवरून उभा राहिलो आणि गुडघ्याची आठवणही झाली नाही.

पण नापसंती म्हणजे नापसंती, तिच्याकडे येतो. पहिली तक्रार, दात. या माणसाने (की बाई आहे कोण जाणे, चित्रं काढणाऱ्याचं नाव मला उच्चारता येत नाही) डोळ्यांतल्या बुबुळात खिडकीचं प्रतिबिंब काढलंय, पापण्या एकेक मोजून घ्या. आणि तोंड उघडलं की आत काय? एक पांढरी पट्टी! ना पटाशीचे दात, ना सुळे, ना दाढा. सबंध शहरात एकाही माणसाला सुटा दात नाही. असल्या तोंडाने माणूस भाकरीचा तुकडा तोडू शकणार नाही, आणि ही मंडळी दर तिसऱ्या पानावर काहीतरी खात असतात. दुसरी तक्रार, एक वाक्य. बसवालीला 'मी ती नव्हे' एवढंच बोलायचं आहे. जिभेला काय हाड आहे? सहाव्या भागात ती आणि चष्मेवाला लिफ्टमध्ये अडकतात, चाळीसेक पानं नुसते एकमेकांकडे बघतात, शेवटी ती तोंड उघडते (पट्टी दिसते), आणि लिफ्ट सुरू होते! मी पुस्तक फेकलं. मग उचललं, पुसलं आणि पुढे वाचलं. बोलायच्या वेळी दातखिळी बसणारी माणसं मला मुळात आवडत नाहीत.

आणि तरीही तिसऱ्या भागातलं ते पान! तुला आठवतं का? बसवाली हॉटेलवाली बनून चष्मेवाल्याबरोबर बाहेर पडलीय. ड्रायव्हर आजारी, आणि हॉटेलची ती लांबलचक गाडी अरुंद जागेत लावायची आहे. ती सहज बसते, मान न वळवता नुसत्या आरशात बघते आणि एका दमात, मागे घेत, गाडी जागेत सरकवते. पेटीत कवळी ठेवावी तशी. चष्मेवाला फुटपाथवर उभा. सबंध पानावर एक शब्द नाही. त्याच्या चष्म्याच्या काचेत तेवढी गाडी दिसते. पान उलटलं की दोघं जेवताहेत. ते पान मी किती वेळा बघितलं हे मी सांगणार नाही. इतकी वर्षं हातांनी काम केल्यावर मला एवढं कळतं, की माणूस नाव बदलेल, कपडे बदलेल, पण त्याचे हात त्याला उघडं पाडतात. हे कुणीतरी चित्रात काढून दाखवलं, याचा मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या कुलूपवाल्याला बोलावून ते पान दाखवलं. तो म्हणाला, गाडी छान आहे.

या नादात माझ्या हातून काय घडलं तेही ऐक. (तुझ्या आईला सांगू नकोस, ती म्हणेल, म्हाताऱ्याला आता हेच उरलं होतं.) दातांच्या डॉक्टरीणबाई रुग्णांचे ठसे माझ्याकडे पाठवतात, मी मेणात दात बसवून चाचणीसाठी परत धाडतो. त्या आठवड्यात दोन कामं होती. एक निवृत्त न्यायाधीश, एक बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. मी लिफ्टमध्ये अडकलेला असल्यामुळे डब्यांची अदलाबदल झाली. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या इतक्या शांत होत्या की मी घाबरलो. न्यायाधीशांना ट्रम्पेटवाल्याचे मोठे, मोकळे, हसरे दात गेले होते. ते नीट बसत नव्हते, पण आरशात बघून साहेब जे हसायला लागले ते थांबेनात. ट्रम्पेटवाला बिचारा न्यायाधीशांचे बारीक, एकमेकांना चिकटलेले दात घालून रडकुंडीला आलेला. म्हणाला, मी आता कुणालातरी जन्मठेप देणार असं वाटतंय. मी माफी मागितली आणि दोन्ही कामं नव्याने केली. पण न्यायाधीश हटून बसले. म्हणाले, माप माझं, दात त्याच्यासारखे. आता ते तसेच फिरतात, आणि त्यांच्या बायकोने डॉक्टरीणबाईंना सांगितलं की घरातलं वातावरण पुष्कळ सुधारलं आहे. तेव्हा अदलाबदलीचा मी सरसकट विरोधक नाही. समतोल विचार करतोय.

चौथा भाग संपला आणि पाचवा कुठे मिळेल, हा प्रश्न आला. चौकापलीकडे पुस्तकं भाड्याने देणारं ते दुकान आहे ना, तुला आठवत असेल, तू शाळेत असताना तिथे पडीक असायचीस. मी गेलो. चित्रकथा मुलांच्या विभागात, गुडघ्याइतक्या उंच कपाटात. माझ्या वयाचा माणूस तिथे वाकलेला बघून मालक म्हणाला, काय हवंय? माझ्या तोंडून गेलं, "भाचीसाठी." ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते असं. मालकाने मला आधी अर्धा तास एक गाऱ्हाणं ऐकवलं, की याच मालिकेचे पहिले चार भाग काही वर्षांपूर्वी कुणी एक मुलगी घेऊन गेली ती गेलीच, तेव्हापासून त्याच्याकडे गोष्ट पाचव्यापासूनच सुरू होते. मी म्हटलं, काय एकेक लोक असतात! आम्ही दोघांनी मिळून त्या मुलीला चांगलं धारेवर धरलं. मग त्याने सांगितलं की पाचवा भाग बाहेर गेलाय, शनिवारी येईल.

शनिवारी तो घेऊन आल्या गणवेशवाल्या बाई. समोरच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान आहे. नर्सेस, पहारेकरी, बसचे ड्रायव्हर, सगळ्यांचे गणवेश तिथूनच येतात. उंच, चष्मा साखळीला बांधलेला, सुई टोचू नये म्हणून घालतात ते अंगुस्तान बोटात विसरलेलं. मला म्हणाल्या, "हे माझ्या पुतण्यासाठी नेलं होतं." मी म्हटलं, माझ्या भाचीसाठी. मग मी ओळख दिली, मी कवळ्या करतो. प्रत्येक भागाची एकच प्रत, आणि दुकानदार असा आळशी की म्हणाला, तुम्ही दोघं आपापसातच देवाणघेवाण करा, दाराशी बाक आहे, मला मध्ये घेऊ नका. तेव्हापासून दर शनिवारी बाई पुतण्याचं वाचून झालेला भाग आणतात, मी भाचीसाठी नेतो, आणि मधे अर्धा तास, कधी तास, बाकावर बसून आम्ही मुलं काय म्हणतात ते एकमेकांना सांगतो.

हा पुतण्या, खारे, विलक्षण आहे! मी असा मुलगा पाहिला नाही (म्हणजे पाहिलेलाच नाही, पण तरी). पाचव्या भागाबद्दल त्याचं म्हणणं काय, तर बसवालीचा कोट हॉटेलवालीच्या अंगात असा बसूच शकत नाही. स्टिअरिंग फिरवून बसवालीचे खांदे रुंद झालेले असणार, बाहीचा मुंढा खोल कापावा लागतो, तोच कोट दुसरीला घातला तर बाही जिथे खांद्याला जोडतात तिथे चुण्या पडायलाच हव्यात! या वयात (वय मी विचारलं नाही, पण चित्रकथा वाचतो म्हणजे कोवळंच असणार) शिवणाची एवढी जाण! बाई म्हणाल्या, दुकानात येऊन जाऊन असतो, कानावर पडतं. मीही मग मागे राहिलो नाही. म्हटलं, माझ्या भाचीचं मत असं आहे की या चित्रांत कुणाला सुटे दात नाहीत आणि ही गंभीर बाब आहे. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, तुमची भाची फार बारकाईने बघते हो. मला तुझा अभिमान वाटला.

एकच गोष्ट मला कळत नाही. पुतण्या इतका हुशार, पण पहिल्या भागांचा विषय काढला की बाई पटकन बाह्यांवर जातात. आता अकरावा भाग. काय शेवट केलाय! पाऊस, रिकामी बस, बसवाली दारात, खाली चष्मेवाला, आणि तो म्हणतो, "तू गाडी लावलीस त्याच दिवशी मला कळलं होतं." संपला भाग! त्याला माहीत होतं! सगळा वेळ! मी बाकावर इतका ओरडलो की मालक बाहेर आला. माहीत असून गप्प बसला म्हणजे फसवणूकच की! म्हणजे, अर्थात, भाचीच्या मते. बाई म्हणाल्या, पुतण्याला तसं वाटत नाही, समोरच्याला वेळ लागत असेल तर आपण थोडं थांबायला काय हरकत आहे. आणि पुढे म्हणाल्या, त्याने तिच्या कपड्यांच्या चुण्यांवरूनच ओळखलं असणार. मी म्हटलं, अहो, तिसऱ्या भागातलं गाडी लावणं! तर म्हणाल्या, हो हो, तेही, आणि घड्याळ बघून निघाल्या. असो. एकूण या मालिकेविषयी माझं मत वाईट आहे, तिने माझं प्लास्टर, माझी झोप आणि माझी पत धोक्यात आणली आहे, आणि तुझं ते खोकं पुढच्या सुट्टीत घेऊन जा, ही विनंती. तुझ्या पुलांना आशीर्वाद. दात घास.

तुझा,
मामा

ता.क. खोकं नेऊ नकोस. कुठेच नेऊ नकोस. आता खरं काम सांगतो. बारावा भाग शेवटचा आहे. तो या शनिवारी दुकानात येतोय, आणि बाईंनी असं ठरवलंय की कुणी आधी वाचायचा नाही. बाईंकडे हॉस्पिटलच्या गणवेशांचं मोठं काम आहे, ते हातावेगळं झालं की पुढच्या रविवारी मी तुला घेऊन जायचं, त्या पुतण्याला आणणार, आणि चौघांनी त्यांच्या दुकानात बसून वाचायचा. मी हो म्हणून बसलोय. हात दाखवून अवलक्षण! तेव्हा तू यायचं आहेस. यायचं म्हणजे यायचंच, परीक्षा असली तरी. पूल दोन दिवसांत पडत नाही. खारे, तुला खरं सांगतो, बारावा भाग संपला की मला शनिवारी त्या बाकावर बसायचं काही कारण उरणार नाही. दाताच्या माणसाने शिवणाच्या दुकानात काय म्हणून जायचं? आणि मला त्या बाईंशी बोलायला फार आवडतं. इतकं कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. पण 'मीच वाचतो' असं सांगायला गेलो की तोंडाला कुलूप लागतं. (शेजारच्या कुलूपवाल्याला विचारलं, तो म्हणाला, किल्ली आतल्या बाजूला आहे. त्याला कधी नव्हे ते सुचलं.)

ता.क. दुसरा. तुझी मतं पाठ करून ये. तपासनीस तुला पहिल्यापासून आवडतो. लिफ्टचा तुला संताप आहे. गाडीचं पान तुला फार फार आवडतं, त्याबद्दल बोलताना आवाज थोडा खाली आण. दातांबद्दल विचारलं तर मामाकडून शिकले म्हण. पुतण्या कसा आहे ते नीट बघून घे. बोलण्यावरून मुलगा समंजस वाटतो आणि बटणं स्वतः लावू शकेल. मी घाई करत नाही, पण तुझ्या मनात दुसरं कुणी नसेल तर.

ता.क. तिसरा. तिकीट आणायला विसरल्यामुळे पत्र तसंच राहिलं होतं, आणि आज शनिवार. पुतण्याचं विसरून जा. सांगतो. मी दुकानाशी पोचलो तर बाई बाकावर आधीच बसलेल्या, बारावा भाग मांडीवर उघडा, आणि शेवटचं पान! मी म्हटलं, अहो, ठरलं काय होतं! तर म्हणतात, पुतण्याला दम निघेना. मी पुतण्याला शोधत इकडेतिकडे बघतोय. त्यांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं आणि म्हणाल्या, भाचीला सांगा, शेवटच्या पानावर तिला खुशखबर आहे, चष्मेवाला हसतोय आणि त्याला दात काढलेत, सुटे. मी बघितलं. खरंच काढले होते, खारे! बसवालीने त्याला बसमध्ये घेतलंय, दारं बंद होताहेत, आणि तो तोंडभर हसतोय, एकेक दात निराळा. आणि सुळा? सुळा अगदी मधल्या मोठ्या दाताला लागून! दोघांमधला पटाशीचा दातच गायब! मी ओरडलो, "अहो हा सुळा इथे येतच नाही! बारा भाग मी दातांची वाट बघतोय, आणि बसवले ते असे?"

मग मला ऐकू आलं मी काय बोललो ते. बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता पुसणार. पुसला नाही. म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं! पाचव्या भागापासून थांबलेय मी." त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. कवळ्या करणाऱ्याच्या भाचीला दातांचीच काय ती काळजी! मी विचारलं, आणि पुतण्या? पुतण्या आहे, म्हणाल्या, चांगला चाळिशीचा आहे, कुत्र्यांचे केस कापतो, पुस्तकाचं त्याला वावडं आहे. मी बाकावर टेकलो. मग म्हटलं, म्हणजे तो मुंढा... "माझाच," त्या म्हणाल्या. मी एवढा शहाणा, सगळ्यांचे हात ओळखणारा, आणि समोर अंगुस्तान घातलेलं बोट दिसत असून पुतण्याचं कौतुक करत बसलो! आम्ही इतके हसलो की मालकाने आतून दार लावून घेतलं. नंतर चष्मेवाल्याने गप्प बसायला हवं होतं की नको यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि आता मला ते मिटायला नको आहे.

ता.क. शेवटचा. उठताना बाईंनी हळूच विचारलं, गाडी लावायची काय भानगड होती हो? त्यांनी पहिले चार भाग वाचलेलेच नाहीत! दुकानात नाहीत म्हणून पाचव्यापासून सुरुवात केली, आणि मी इतक्या तावातावाने बोलायचो की विचारायची लाज वाटली. घरी येऊन मी तुझं खोकं उघडलं. प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर (म्हणजे उजवीकडच्या) त्या दुकानाचा शिक्का आहे, गोष्टीच्या घाईत मी तो कधी बघितलाच नव्हता. चोरटे! त्या मालकाबरोबर मी तुलाच शिव्या घालत होतो! तेव्हा तू पुढच्या रविवारी येच, मतं न घेता ये, आणि त्याच्या दारावरून जाताना मान खाली घालून जा. भाग मी त्याला परत करणार आहे, पण इतक्यात नाही, तू तोंड उघडू नकोस. ते मी बाईंना नेऊन देणार आहे. चारही एकदम का नाही, असं विचारू नकोस. शनिवारी एकच. पहिला त्यांना डावीकडून वाचायला सांगणार आहे, आणि तिसऱ्या भागातलं ते पान येईल तेव्हा मला बाकावर त्यांच्या शेजारी बसायचं आहे.